गुलाब घ्यायचाय? फूल राहू द्या, आधी पान उलटा!

वसईतलं गिरीज म्हणजे मोगऱ्या-जास्वंदीचा मुलूख. वसईच्या वाड्यांतून पहाटेच्या लोकलने दादरच्या फूलबाजारात जातात ती फुलं प्रामुख्याने हीच, जोडीला सोनचाफा. गुलाब इथे बहुतेक हौसेचा. ओट्याच्या कडेला, विहिरीच्या कठड्याजवळ, क्रुसासमोर आणि हल्ली नव्या इमारतींच्या गॅलरीत. पाऊस सरला की हौस उसळी घेते, दसऱ्यापासून नर्सऱ्या फुलून जातात आणि टपोरं फूल बघून माणसं रोप उचलतात. ते रोप पुढच्या गणपतीपर्यंत टिकेलच याची खात्री नसते. आपल्याकडे गुलाब निवडायचा तो जुलैकडे बघून. जानेवारीत काय, कोणताही गुलाब देखणाच दिसतो!

सात तासांचा हिशोब

गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पाडणारी बुरशी आहे डिप्लोकार्पॉन. तिचे बीजाणू रुजायला पान सलग सातेक तास ओलं राहावं लागतं. वसईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्या दिवसांत पान सात तास कोरडं राहिलं तरच नवल. म्हणून रोपाआधी जागा ठरवा. सकाळचं ऊन थेट येतं, वारा खेळतो आणि पाणी साचत नाही अशी. पाच-सहा तास ऊन हवंच. माडाखाली किंवा केळीच्या आडोशाला गुलाब लावू नका. तिथे अळू छान येतं.

पिवळा रंग इराणातून आला, दुखणं घेऊन

१९०० सालाआधी बागेतल्या मोठ्या गुलाबांत गडद पिवळा रंग जवळपास नव्हताच. फ्रान्समधल्या लियाँच्या जोसेफ पेर्ने-द्युशे यांनी ‘पर्शियन यलो’ या पिवळ्या गुलाबाशी संकर करून ‘सोलेय दोर’ ही जात काढली आणि पिवळ्या, केशरी, तांब्याच्या छटांचं दार उघडलं. पण त्या पूर्वजाला काळ्या ठिपक्यांचा रोग चटकन लागायचा. रंगासोबत ती कमजोरीही वंशात उतरली. पिवळा गुलाब पावसात सगळ्यात आधी पानं टाकतो, त्यामागे ही सव्वाशे वर्षांपूर्वीची सोयरीक आहे. म्हणून पिवळा घेऊच नका असं नाही. पहिलाच गुलाब असेल तर मात्र लाल किंवा गुलाबी घ्या, हात बसला की पिवळ्याकडे वळा.

‘डच’ म्हणजे छपराखालचा

नर्सरीत लांब दांड्याच्या गुलाबाकडे बोट दाखवून सांगतात, “हा डच आहे, फूल मोठं येतं.” तेव्हा एकच प्रश्न विचारा, “दादा, हा उघड्यावरचा की शेडमधला?” मावळात, तळेगावच्या बाजूला पॉलिहाऊसमध्ये पिकणारे ‘टॉप सीक्रेट’सारखे गुलाब व्हॅलेंटाइन डेला परदेशी जातात. ते कापून विकण्यासाठी घडवलेले असतात. फूल प्रवासात टिकावं, दांडा सरळ यावा, यासाठी. डोक्यावर प्लास्टिकचं छप्पर, मोजून पाणी, वेळेवर खत. गिरीजच्या पावसात उघड्यावर आणून ठेवल्यावर त्यांचे हाल होतात.

घराच्या बागेला जुनी, तावूनसुलाखून निघालेली माणसं बरी. म्हणजे ‘ग्लॅडिएटर’. अमेरिकेत १९५५ साली आलेली ही लाल जात आपल्याकडच्या उघड्या शेतांत वर्षानुवर्षं पिकली, पॉलिहाऊस यायच्या कितीतरी आधी. म्हणजे ‘ग्रूस आन टेप्लिट्झ’ही. १८९७ सालचा, गडद लाल, सुगंधी, झुपक्याने फुलणारा. नाव उच्चारायला अवघड आहे, झाड वाढवायला अजिबात नाही. आणि ‘देशी गुलाब’ म्हणून विकला जाणारा, हार-गुलकंदाचा सुगंधी गुलाबी. बरेचदा तो ‘एडवर्ड’ असतो. दमास्क आणि चिनी गुलाबाचा हा संकर हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाशी जोडलेला आहे, म्हणजे मुळातच समुद्राकाठच्या उष्ण हवेतला. माझं मत विचाराल तर गिरीजमधल्या पहिल्या कुंडीत एडवर्डच हवा. फूल मोठं नाही, आकार मासिकातल्या फोटोसारखा नाही, पण सकाळी दार उघडलं की वास घरात येतो.

वास गेला कुठे?

नव्या गुलाबांना वास नाही ही तक्रार खरी आहे आणि तिचं एक कारण २०१५ साली सापडलं. फ्रेंच शास्त्रज्ञांनी दोन गुलाब शेजारी ठेवून तपासले. सुगंधी ‘पापा मेयाँ’ आणि जवळपास बिनवासाचा ‘रूज मेयाँ’. सुगंधी फुलात एक जनुक जोरात काम करत होतं, दुसऱ्यात ते गप्प होतं. रंग, आकार, टिकाऊपणा यांच्यामागे लागून संकर करता करता वास हातचा निसटत गेला. रोप विकत घेताना उमलत्या फुलाचा वास स्वतः घेऊन बघा, तोही सकाळी. दुपारच्या उन्हात अत्तर उडून गेलेलं असतं.

आता पान उलटा

नर्सरीत पोचलात. फुलाकडे पाठ करून खाली वाका.

पिशवीच्या मातीपासून थोडं वर खोडावर एक गाठ दिसेल. तिथे डोळा भरलेला असतो. खाली रानटी, काटक गुलाबाचा खुंट आणि त्याच्या सालीत इंग्रजी टी अक्षरासारखा छेद देऊन बसवलेला आपल्या जातीचा डोळा. गाठ घट्ट, भरलेली हवी. हलवल्यावर डुगडुगली तर रोप ठेवून द्या. कधी कधी तिथे बांधलेली प्लास्टिकची पट्टी तशीच राहिलेली असते. खोड जाड होताना ती सालीत रुतते, म्हणून घरी आणल्यावर हलक्या हाताने कापून टाका. गाठीच्या वरून निघालेल्या दोन-तीन जाड फांद्या हव्यात. साल नखाने जराशी खरवडा, खाली ओला हिरवा रंग दिसला पाहिजे.

गाठीच्या खालून फूट आली असेल तर ती खुंटाची. तीच वाढत राहिली तर वरचा गुलाब उपाशी मरतो आणि दोन वर्षांनी माणसं म्हणतात, “लाल लावला होता, आता बारीक बारीक पांढरी फुलं येतात.” गुलाब बदललेला नसतो, खुंटाने झाड ताब्यात घेतलेलं असतं. ‘सात पानांची फांदी म्हणजे रानटी’ असा समज आहे, त्याच्यावर विसंबू नका. चांगल्या जातीही सात पानं काढतात. फांदी निघाली कुठून, तेवढं बघा.

मग पान उलटा. खालच्या बाजूला बारीक जाळं, धुळीसारखे तांबूस ठिपके दिसले तर लाल कोळी आलाय. कळी पांढऱ्या कागदावर झटका, बारीक काड्या पळू लागल्या तर फुलकिडे. असं रोप फुकट मिळालं तरी नको, ते सगळ्या कुंड्यांना वाटून देईल. शेवटी पिशवीचा तळ बघा. भोकांतून मुळांची पांढरी टोकं डोकावत असतील तर रोप रुजलेलं आहे.

मातीचा गोळा

आपल्या नर्सऱ्यांतली बरीच रोपं लांबून येतात. पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडीहून, आंध्रातल्या कडियमहून. प्रवासात मुळं हलू नयेत म्हणून चिकट मातीचा घट्ट गोळा बांधलेला असतो. तो तसाच कुंडीत ठेवला की बाहेरची भुसभुशीत माती पाणी पिते, गोळा आत कोरडाठाक राहतो. नाहीतर पावसात उलटं होऊन मुळं कुजतात. रोप आणल्यावर आठवडाभर अर्ध्या सावलीत तसंच राहू द्या. मग बारा इंची कुंडी घ्या, गोळा पाण्यात भिजवून बाहेरचा थर बोटांनी मोकळा करा आणि लावा. पहिल्या कळ्या खुडून टाका. जीवावर येतं, पण त्याचं फळ नाताळात दिसतं.

निळ्या गुलाबाचं बी

ऑनलाइन बाजारात निळ्या, इंद्रधनुषी गुलाबाच्या बियांची पाकिटं मिळतात. घेऊ नका! गुलाबाच्या पाकळीत निळा रंग बनवणारं रसायनच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने पँझीच्या फुलातलं जनुक घालून ‘अप्लॉज’ नावाचा गुलाब २००९ मध्ये बाजारात आणला आणि तोही दिसतो जांभळटच. इंद्रधनुषी फूल म्हणजे दांडा चिरून वेगवेगळ्या रंगांच्या पाण्यात बुडवलेला पांढरा गुलाब. शिवाय बागेतल्या गुलाबाचं बी पेरून आईसारखंच झाड येत नाही. म्हणून तर डोळे भरावे लागतात.

गॅलरीवाल्यांसाठी

बटन गुलाबाचा इतिहास गॅलरीतलाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास रूले नावाच्या स्विस लष्करी अधिकाऱ्याला एका खेड्यात खिडकीतल्या कुंडीत वीतभरही उंच नसलेला गुलाब दिसला. आजच्या बहुतेक बटन गुलाबांच्या वंशात तो आहे. सहाव्या मजल्यावर राहत असाल तर बिनधास्त बटन घ्या. ऊन येणारी जागा आणि आठ इंची कुंडी पुरते.

‘डबल डिलाइट’ मात्र कडक उन्हाच्या गॅलरीसाठी. मलईच्या रंगाच्या पाकळीला लाल कड आणि ती लाली ऊन लागेल तशी चढते. काचेआड वाढवलं तर फूल फिकट राहतं. १९७७ सालची ही जात सुगंधीही आहे.

गव्हाच्या माणसाचे गुलाब

डॉ. बी. पी. पाल हे गव्हाचे शास्त्रज्ञ. तांबेरा रोगाला तोंड देणाऱ्या गव्हावर त्यांनी आयुष्य वेचलं आणि १९६५ साली ते भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे पहिले महासंचालक झाले. त्यांची हौस गुलाबाची! ‘डॉ. होमी भाभा’ हा पांढरा गुलाब आणि ‘दिल्ली प्रिन्सेस’ त्यांचेच. भारतीय हवेत, भारतीय उन्हात निवडलेल्या जाती नर्सरीत आवर्जून मागा. मागणी झाली तरच त्या ठेवल्या जातील.

पाणी चाखून बघा

समुद्र जवळ असल्याने उन्हाळ्यात आपल्या काही विहिरींचं पाणी मचूळ होतं. टँकरच्या उपशाविरुद्ध हरित वसईची चळवळ उभी राहिली त्यामागे हेही भय होतं. गुलाबाला खारटपणा सोसत नाही, पानांच्या कडा करपतात. ज्यांच्या वाडीत गोड पाण्याचं बावखल (छोटं तळं) शाबूत आहे त्यांनी ते जपावं, गुलाबासाठीही. बाकीच्यांनी एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी घालावं आणि अधूनमधून कुंडीतून भरपूर पाणी वाहू देऊन क्षार धुऊन काढावेत.

फुलाखालचे पाच भाऊ

मुलांना सोबत न्या आणि हे दाखवा. गुलाबाच्या फुलाखाली पाच हिरवी निदलं असतात. दोघांना दोन्ही कडांना झालर, दोघांना मुळीच नाही आणि पाचव्याला एकाच बाजूला. युरोपात यावर ‘पाच भावांचं’ जुनं कोडं आहे. कळीत ही निदलं एकमेकांवर चढलेली असतात. जी कड बाहेर राहते तिलाच झालर फुटते. जुन्या, देशी गुलाबांत हे स्पष्ट दिसतं.

घेण्याआधी बघायचं कुठे?

ऑक्टोबर हा गावात रोझरीचा महिना आणि गुलाबाच्या छाटणीचाही. तेव्हा छाटलेलं झाड साधारण दीड-दोन महिन्यांत फुलतं. मग येतात प्रदर्शनं. प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये आणि हिवाळा सरता सरता भायखळ्याच्या राणीच्या बागेत. तिथे फुलाशेजारी जातीचं नाव लिहिलेलं असतं. फूल आवडलं की पाटीसकट फोटो काढा आणि स्टॉलवरच्या माळ्याला विचारा, “पावसात पानं किती टाकतो हा?” जो माळी थांबून, विचार करून उत्तर देतो, रोप त्याच्याकडून घ्या.