जुन्या गाडीला कंठ फुटतो तेव्हा

गाडी जुनी झाली की तिच्या तब्येतीची चौकशी करणारे पुष्कळ भेटतात. अ‍ॅव्हरेज किती देते, टायर कधी बदलले, क्लच प्लेट गेली का, एक ना दोन! पण तिच्या आवाजाची चौकशी कुणी करीत नाही. इंजिनाचा किंवा हॉर्नचा आवाज मला म्हणायचा नाही. डॅशबोर्डच्या आतून, दाराच्या पोटातून आणि मागच्या ट्रेवरून जो गाण्याचा आवाज येतो, त्याबद्दल मी बोलते आहे. तो इतक्या सावकाश बिघडत जातो की घरातल्या कुणाच्या लक्षातही येत नाही. रोज पाहतो ते माणूस म्हातारे झालेले जसे कळत नाही, तसेच हे.

आमच्या घरी मारुती ८०० आहे. तिची ओळख मराठी वाचकाला करून द्यायला नको. १४ डिसेंबर १९८३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींनी दिल्लीच्या हरपालसिंग यांच्या हाती पहिल्या गाडीची किल्ली दिली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मधल्या तीस वर्षांत २५ लाखांहून अधिक गाड्या देशात विकल्या गेल्या. त्यांतली एक बाबांनी २००० साली, निवृत्तीच्या पैशांतून घेतली. गाडीत कंपनीचा टेप नव्हता. त्या काळी गाडी शोरूममधून निघाली की आधी देवळात आणि मग अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात जायची. तिथे सीट कव्हर, पायपोस, डॅशबोर्डवरचा गणपती आणि कॅसेट प्लेअर असा सगळा साजशृंगार एका दुपारीत उरकायचा. आमच्या गाडीच्या पुढच्या दोन्ही दारांत चार इंची गोल स्पीकर बसले आणि मागच्या ट्रेवर सहा बाय नऊ इंचांचे दोन लांबट. २०१२ साली कॅसेट प्लेअर जाऊन तिथे पेनड्राइव्हवर चालणारा सेट आला, पण स्पीकर तेच राहिले.

बाबा आता त्र्याऐंशी वर्षांचे आहेत. गाडी चालवणे त्यांनी केव्हाच सोडले. पण दर गुरुवारी मी त्यांना दिवेघाटातून सासवडपर्यंत नेऊन आणते, आणि या फेरीत गाणी लावायचा हक्क त्यांचा असतो. घरात टीव्ही चालू असतो, कुकरच्या शिट्ट्या होतात, नातवंडांची भांडणे होतात. काचा वर केलेली गाडी हीच त्यांची बैठकीची खोली. त्यांचे पेनड्राइव्हवरचे जग म्हणजे सुधीर फडके, माणिक वर्मा, मालती पांडे. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झाले तेव्हा बाबा तेरा वर्षांचे होते. ते शेजाऱ्यांच्या रेडिओवर ऐकलेले त्यांना अजून लख्ख आठवते.

गेल्या वर्षी पावसाळ्यानंतर ते गाडीत गप्प बसू लागले. गाणे लावले की दोन मिनिटांत म्हणायचे, “राहू दे गं, बंद कर. शब्द लागत नाहीत.” कान तपासून झाले होते. वयानुसार वरच्या पट्टीचे ऐकणे कमी झाले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते आणि श्रवणयंत्रही दिले होते. भाऊ फोनवर म्हणाला, “आता वय झालं, चालायचंच.” मला मात्र ते पटेना. कारण तेच गाणे घरी माझ्या साध्या ट्रान्झिस्टरवर लावले तर बाबा कडवेच्या कडवे बरोबर म्हणत. माणूस तोच, यंत्र तेच, गाणेही तेच. मग एका ठिकाणी शब्द लागतात आणि दुसऱ्या ठिकाणी लागत नाहीत, याचा दोष कानांवर कसा टाकायचा?

म्हणून एका रविवारी दाराचे पॅड उघडायला घेतले. हे काम घरी करता येण्याजोगे आहे. फक्त घाई नको. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर दहाच्या पान्याने सोडवायची. काच वरखाली करायच्या हँडलमागे तारेची एक क्लिप असते. जुने फडके हँडलमागे सरकवून बूट पुसतात तसे मागेपुढे ओढले की ती निसटून बाहेर येते. मग हँडरेस्टचे स्क्रू, मग कडेच्या क्लिपा. पॅड निघाले आणि स्पीकर हातात आला. कागदी शंकूच्या कडेला असलेला स्पंज बोट लावताच काळ्या भुग्यासारखा गळून पडला.

स्पीकरची रचना थोडक्यात सांगते, म्हणजे या भुग्याचे महत्त्व कळेल. गोल लोहचुंबक, त्याच्या फटीत तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे आणि वेटोळ्याला चिकटवलेला शंकू, एवढाच संसार. वेटोळ्यातून वीज गेली की ते पुढेमागे हलते, त्याबरोबर शंकू हलतो आणि हवा हलते. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली मांडलेली ही रचना मूळ तत्त्वात आजही तशीच आहे. शंकू बरोबर मध्यावर राहावा, पण मोकळेपणी हलावा, यासाठी कडेला स्पंजाची किंवा रबराची मऊ झालर असते. स्पंज उन्हाने आणि दमटपणाने कुजतो. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत आणि पावसाळ्यात ओल्या होणाऱ्या दारात त्याचे आयुष्य ते किती असणार? झालर गेली की वेटोळे चुंबकाला घासते आणि ‘खरखर’ सुरू होते. आमच्या स्पीकरमध्ये उंच स्वरांसाठीचा छोटा भोंगा, ज्याला ट्विटर म्हणतात, तोही मुका झाला होता.

इथेच बाबांच्या तक्रारीचा उलगडा झाला. बोलण्यातले स्वर, म्हणजे आ, ओ, ऊ, खालच्या पट्टीत असतात. ‘स’, ‘श’, ‘फ’, ‘त’ अशा व्यंजनांची धार वरच्या पट्टीत असते. वय झाले की कानाला वरची पट्टीच आधी परकी होते. त्यात स्पीकरनेही तीच पट्टी गिळली, तर कानावर नुसती गुणगुण पडते. चाल कळते, शब्द कळत नाहीत. सुधीर फडक्यांसारख्या स्वच्छ उच्चारांच्या गायकाचे शब्द कळत नसतील, तर त्या गाण्यात उरले काय? मी गाडी चालवत होते आणि माझे कान तरणे होते, म्हणून मेंदू उरलेले शब्द भरून काढत होता. बाबांच्या कानांना ती सवलत नव्हती.

मग नवे स्पीकर आणणे आले. जुना स्पीकर पिशवीत टाकला आणि नाना पेठ गाठली. दुकानातल्या मुलाने प्रेमाने विचारले, “ताई, साहेब नाही आले का?” साहेब घरी वाटाणे सोलत बसले होते, तसे सांगितले. मग त्याने एका चकचकीत खोक्यावर बोट ठेवले. त्यावर ठळक अक्षरांत ‘३०० वॅट’!

हा आकडा वाचकांनी जरा सबुरीने घ्यावा. तो क्षणभराच्या झटक्याचा असतो. सलग किती वॅट पेलतो तो आकडा खोक्यावर बारीक अक्षरांत ‘आरएमएस’ या नावाने लिहिलेला असतो, आणि खरा तोच. शिवाय देणाऱ्याची ऐपतही पाहिली पाहिजे. गाडी चालू असताना बॅटरीकडून साधारण १४ व्होल्ट मिळतात. स्पीकरचा रोध असतो ४ ओहम. शाळेतले गणित मांडले तर वेगळा अ‍ॅम्प्लिफायर नसलेला साधा सेट एका स्पीकरला स्वच्छ आवाजात फार तर वीस-पंचवीस वॅट देऊ शकतो, मग त्याच्या कपाळावर ‘५० गुणिले ४’ असे का लिहिलेले असेना. वीस वॅटच्या घरी तीनशे वॅटचा पाहुणा बोलावून काय उपयोग?

त्यापेक्षा पाहावी ती संवेदनशीलता, म्हणजे सेन्सिटिव्हिटी. ती डेसिबलमध्ये लिहिलेली असते. एका स्पीकरची ८९ आणि दुसऱ्याची ९२ असेल, तर फरक दिसायला तीनचाच. पण तेवढाच आवाज काढायला पहिल्याला दुसऱ्याच्या दुप्पट वीज लागते. साध्या सेटवर ९२ वाला स्पीकर कमी कष्टांत मोकळे गातो. शिवाय रोध ४ ओहमच हवा, झालर रबराची हवी आणि ट्विटरचा आवाज नीट ऐकून पाहायला हवा. ‘धडाम् धुडुम्’ बासवर भाळून स्पीकर घेऊ नये. ओळखीचे गाणे पेनड्राइव्हवर नेऊन दुकानात लावावे आणि शब्द नीट कळतात का, एवढेच ऐकावे. मी तेच केले. मुलाने सुरुवातीला कुठलेसे ढोलकीचे गाणे लावले होते. मी माणिक वर्मा लावायला सांगितल्यावर त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला! पण तीन जोड्या त्याने मन लावून ऐकवल्या. साडेतीन हजारांत पुढची जोडी, तारा, स्लीव्ह आणि प्लायवूडची कडी असा सगळा सौदा झाला.

सहा इंची का घेतले नाहीत, असे कुणी विचारील. मारुतीच्या दारात जागा बेताची. काच पूर्ण खाली घ्यायची आणि मग पॅडच्या पत्र्यापासून काचेपर्यंतचे अंतर मोजायचे. स्पीकरच्या मागचा चुंबक त्यापेक्षा खोल असेल तर काच त्यावर आदळते. बारा मिलिमीटर प्लायवूडचे कडे मध्ये घातले की तेवढा स्पीकर बाहेर येतो. कड्याला वॉर्निश मारावे, कारण दारात पावसाचे पाणी उतरतेच. दाराच्या तळाला ते वाहून जाण्यासाठी भोके असतात, ती बुजवू नयेत. पॅडमागचा प्लास्टिकचा कागद फाडून फेकू नये. पाणी अडवण्याचे काम तोच करतो. पत्रा थरथरत असेल तर आतून डांबराच्या शीटचा तुकडा चिकटवावा. कडे घट्ट बसले पाहिजे. शंकूच्या पुढची हवा आणि मागची हवा एकमेकींना भेटली, तर खर्जाचा आवाज आपसांतच मिटून जातो.

तारांचे दोन नियम भाचीकडून पाठ करून घेतले, कारण बारीक कामाला तिचे हात होते. पहिला : सांधा नुसता पिळून पट्टी मारू नये, डाग देऊन वर स्लीव्ह चढवावी. दाराच्या बिजागरीजवळ तार रबरी नळीतूनच न्यावी, नाहीतर उघडझाप होऊन ती सोलली जाते. दुसरा : स्पीकरची निगेटिव्ह तार गाडीच्या पत्र्याला लावू नये. काही जुन्या कॅसेट प्लेअरना ते चालत असे, पण आजच्या सेटचा त्यात बळी जाऊ शकतो.

राहता राहिले अधिक-उणे. स्पीकरवर खूण पुसट असेल तर दीड व्होल्टचा सेल घ्यावा आणि त्याच्या तारा दोन टोकांना क्षणभर टेकवाव्या. शंकू पुढे आला, तर सेलचा अधिक जिथे टेकला ते अधिक. दोन्ही दारांत जोडणी सारखीच हवी. एक उलटी झाली की एक शंकू पुढे येताना दुसरा मागे जातो. त्यामुळे खर्ज नाहीसा होतो आणि गायक नेमका कुठे बसून गातो आहे तेच कळेनासे होते.

मागच्या ट्रेवरचे लांबट स्पीकर मी काढून टाकले. दोन्ही मिळून चांगले वजनदार होते आणि ट्रे होता नुसता अडकवलेला. जोराचा ब्रेक लागला तर ते वजन थेट मागे बसलेल्याच्या मानेवर यायचे. शिवाय ऐकणारा पुढे बसतो, मग गाणेही पुढूनच यावे.

पुढच्या गुरुवारी वडकी नाक्याच्या पुढे घाट लागला तेव्हा बाबांनी स्वतःहून बटण दाबले. पहिले गाणे संपेपर्यंत ते काही बोलले नाहीत. दुसऱ्याला ओठ हलू लागले. तिसऱ्यात म्हणाले, “अगं, हा शब्द मी आजवर चुकीचा म्हणत होतो.” आणि सासवड येईपर्यंत आवाज दोनदा त्यांनीच कमी केला. आवाज कमी करावासा वाटणे, ही माझ्या लेखी पास झाल्याची खूण होती. ऐकू न येणारा माणूस बटण वाढवत जातो आणि उरलेल्या कानांची हानी करून घेतो. मोठ्या माणसांनी ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपेक्षा जास्त ऐकू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आवाज वाढला की ही मुदत झपाट्याने घटते.

शेजारचे काका म्हणाले, “पंचवीस वर्षांच्या गाडीवर साडेतीन हजार? भंगारात तरी किती येणार तिचे?” प्रश्न रास्त आहे. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण, पर्यावरण कर, फिटनेसची तपासणी हे सगळे करावे लागते, आणि एके दिवशी गाडी जाईलच. पण भंगाराच्या भावाने फक्त पत्र्याची किंमत कळते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘शब्द लागत नाहीत’ असे म्हणताना आपण ऐकले असेल, तर त्याच्या वयाकडे बोट दाखवण्याआधी समोरचा स्पीकर एकदा उघडून पाहावा. गाडीतला असो, टीव्हीचा असो, की देवघरातल्या रेडिओचा. कानांचे वय आपल्याला कमी करता येत नाही. झालर मात्र बदलता येते.