'गेएन्ना' : एका दरीचे नाव आणि 'नरक' हा अनुवाद

प्रस्तावना : बायबलच्या प्रचलित मराठी अनुवादात 'नरक' हा शब्द अनेकदा येतो. त्यामागील प्रमुख ग्रीक शब्द 'गेएन्ना' होय. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती व अर्थविकास यांचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

व्युत्पत्ती : मूळ हिब्रू 'गे-हिन्नोम' म्हणजे हिन्नोमची दरी. ही दरी जेरुसलेमच्या जुन्या नगराच्या दक्षिणेस आजही आहे. अरमाईक रूपातून ग्रीक 'गेएन्ना' सिद्ध झाला. त्याच मुळाशी नाते सांगणारा अरबी 'जहन्नम' फारसी-उर्दूच्या मार्गाने मराठी भाषकांनाही परिचित आहे. नव्या करारात 'गेएन्ना' १२ वेळा येतो. त्यांपैकी ११ वेळा मत्तय, मार्क व लूक यांच्या शुभवर्तमानांत आणि एकदा याकोबाच्या पत्रात. मृतांचे निवासस्थान दर्शविणारा 'हेडिस' हा शब्द वेगळा असून त्यासाठी मराठीत 'अधोलोक' योजतात.

अर्थविकास : आहाज व मनश्शे या यहूदाच्या राजांनी या दरीत आपली मुले अग्नीत अर्पण केली, असे इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात नमूद आहे. इ.स.पू. सातव्या शतकात योशीया राजाने तेथील बलिस्थान भ्रष्ट केले. यिर्मया संदेष्ट्याने या दरीस 'कत्तलीची दरी' म्हटले जाईल, असे बजावले. या स्मृतीतूनच पुढे ते दुष्टांच्या अंतिम शिक्षास्थानाचे नाव बनले.

एक प्रचलित समज : या दरीत शहराचा कचरा अखंड जळत असे, म्हणून ती नरकाचे प्रतीक ठरली, असे अनेकदा सांगितले जाते. अंबरनाथ-उल्हासनगर परिसरात कचराभूमीचा धूर पाहिलेल्या वाचकास हे चटकन पटते. तथापि हे विधान प्रथम इ.स. १२००च्या सुमारास दावीद किम्ही या ज्यू भाष्यकाराच्या लेखनात आढळते. त्यास पूर्वकालीन लिखित वा पुरातत्त्वीय आधार मिळत नाही.

अनुवादाचा प्रश्न : मनुस्मृतीत २१, तर भागवताच्या पाचव्या स्कंधात २८ नरक वर्णिले आहेत. तेथील यातना कर्मफळाच्या भोगापुरत्या असून त्यानंतर जीवास पुनर्जन्म आहे. त्यामुळे 'नरक' या प्रतिशब्दाने शिक्षेचा आशय पोहोचला, तरी त्याबरोबर पुनर्जन्माची भिन्न चौकटही आली आणि मूळ स्थलनाम मात्र लुप्त झाले.

निष्कर्ष : 'गेएन्ना' ही प्रथम पृथ्वीवरील एक दरी होती आणि तेथील अग्नी माणसांनीच, स्वतःच्या लेकरांसाठी पेटविला होता. वर्गात हा शब्द शिकविताना कचऱ्याची सोयीस्कर कथा सांगितल्यास हा अपराधच दृष्टीआड होतो. म्हणून अनुवादात 'नरक' कायम ठेवूनही तळटीपेत 'हिन्नोमची दरी' असा निर्देश असणे आवश्यक वाटते.