गिऱ्हाईक सातासमुद्रापार, नोकरी हिंजवडीत

रत्नागिरीच्या मिरजोळे एमआयडीसीतल्या फिनोलेक्स अकॅडमीतून किंवा देवरुखजवळ आंबव येथील राजेंद्र माने अभियांत्रिकी महाविद्यालयातून बाहेर पडलेला प्रोग्रामर बहुधा पुण्याला हिंजवडीत, नाहीतर नवी मुंबईत नोकरीला लागतो. पगार कंपनी देते, पण ज्या कामावर तो पगार निघतो ते अनेकदा अमेरिकेतल्या एखाद्या बँकेचे किंवा विमा कंपनीचे असते. त्या बँकेने काम बाहेर दिले म्हणून ही नोकरी उभी राहिली. ते काम काढून घेणेही बँकेच्याच हातात असते.

काम बाहेर गेले की घरावर काय येते, हे रत्नागिरी जिल्ह्याला नवे नाही. मुंबईच्या गिरणगावात इथल्या चाकरमान्यांची संख्या मोठी होती आणि त्यांच्या मनीऑर्डरींवर गावची घरे चालत. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा गिरण्या बंद असतानाही मालकांचे कापड बाजारात येत राहिले. ते भिवंडीसारख्या ठिकाणच्या यंत्रमागांवर विणून घेतले जाई आणि त्यावर शिक्का गिरणीचा बसे. मजुरी जिथे स्वस्त, तिकडे काम वळले. संपानंतर असंख्य कामगारांना गिरणीची नोकरी परत मिळालीच नाही.

सॉफ्टवेअरचे काम मुंबई-पुण्याकडे आले तेही याच हिशेबाने. टीसीएस 1968 मध्ये मुंबईत सुरू झाली, अंधेरीचे सीप्झ हे निर्यात क्षेत्र 1973 मध्ये उभे राहिले, इन्फोसिसची स्थापना 1981 मध्ये पुण्यात झाली. सन 2000 च्या तोंडावर जगभरच्या जुन्या संगणक-प्रणालींतले तारखांचे दोष काढायला हजारो हात लागले, आणि तिथून भारतीय कंपन्यांवर परदेशी गिऱ्हाइकांचा विश्वास बसला. अमेरिकेतल्या एका प्रोग्रामरच्या पगारात इथे कित्येक जण काम करू शकत होते. या तफावतीवर एक अख्खा मध्यमवर्ग उभा राहिला. त्याचे मोल कमी लेखता येणार नाही.

मात्र नोकरीचा धागा किती बारीक आहे ते टाइमशीटमध्ये दिसते. प्रोग्रामर रोजचे तास त्यात भरतो आणि अनेक करारांत त्या तासांवरूनच गिऱ्हाइकाचे बिल निघते. बिल निघते तोवर माणूस ‘बिलेबल’. प्रोजेक्ट संपला की तो ‘बेंच’वर येतो, पगार चालू असतो, पण आता तो कंपनीच्या खिशातून जातो. पूर्वी बेंचवर काही महिने निभावून जात. जून 2025 मध्ये टीसीएसने वर्षाला किमान 225 बिलेबल दिवस आणि बेंचवर जास्तीत जास्त 35 दिवस असा नियम केला. पुढच्याच महिन्यात कंपनीने सुमारे 2 टक्के, म्हणजे 12 हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यात मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतले लोक होते. यामागचे गणित कठोर आहे. अनुभवाबरोबर पगार वाढतो, गिऱ्हाईक मात्र त्या प्रमाणात दर वाढवून देत नाही. घराचे हप्ते आणि मुलांच्या शाळेची फी ऐन भरात असते, तेव्हाच हा माणूस महाग ठरतो.

काम एका हातातून दुसऱ्या हातात जाताना ‘केटी’, म्हणजे नॉलेज ट्रान्सफर होते. जुना माणूस नव्याच्या शेजारी बसून प्रणालीतल्या खाचाखोचा समजावून देतो. ऑर्लँडोच्या डिस्नेमध्ये 2014 च्या अखेरीस सुमारे 250 तंत्रज्ञांना नोकरी जाणार असल्याचे कळवण्यात आले आणि जाण्यापूर्वी अनेकांना एच-1बी व्हिसावर आलेल्या भारतीयांना हे काम शिकवावे लागले. गिऱ्हाइकाने कंत्राट बदलले की हिंजवडीतल्या प्रोग्रामरवरही हीच पाळी येते. समोर बसलेला कधी दुसऱ्या भारतीय कंपनीचा असतो, कधी पोलंडचा, कधी फिलिपिन्सचा. ठरावीक चाचण्या आणि छोट्या दुरुस्त्या आता कृत्रिम बुद्धिमत्तेची साधनेही करू लागली आहेत. त्यामुळे पहिला धोका त्याच कामांना, आणि फ्रेशरला शिकायला मिळतात ती कामेही हीच. बँकेचा व्यवहार, विम्याचा दावा किंवा रुग्णालयाची नोंद आतून समजणारा माणूस त्या मानाने टिकतो. परदेशी कंपन्यांनी पुण्यात स्वतःची केंद्रे काढली आहेत, तिथे मध्यस्थ नसतो. तरी निर्णय मुख्यालयातच होतो.

कायद्याचा आधार तोकडा आहे. तीनशेहून कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची पूर्वपरवानगी लागत नाही. मुळात परवानगीची ही अट कारखाने, खाणी आणि मळ्यांपुरतीच आहे, आयटी कंपन्यांना ती लागू नाही. औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली, तरी आयटी कंपन्यांच्या बाबतीत फरक पडला नाही. वर्षभर सलग नोकरी झालेल्या ‘कामगारा’ला कपातीत एक महिन्याची नोटीस आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे 15 दिवसांचा सरासरी पगार मिळायला हवा. पण प्रोग्रामर या व्याख्येत बसतो का, हा वाद त्याच्या प्रत्यक्ष कामावरून सोडवावा लागतो. पदनामावरून तो सुटत नाही. त्याआधीच पुष्कळांची प्रकरणे मिटलेली असतात. मीटिंगला बोलावून राजीनामा मागितला जातो, चांगला अनुभव-दाखला मिळेल असे सांगितले जाते आणि माणूस सही करतो. कागदोपत्री ती कपात राहत नाही, तो ‘स्वेच्छेने’ दिलेला राजीनामा होतो, आणि कपातीच्या भरपाईवर दावा सांगणे फार अवघड होऊन बसते. म्हणून सही करण्यापूर्वी मुदत मागणे, बोलणे ईमेलवर आणणे, नेमणूकपत्र व पगाराच्या पावत्या स्वतःजवळ ठेवणे आणि सक्ती झालीच तर कामगार आयुक्त कार्यालयात लेखी तक्रार देणे, एवढे तरी प्रोग्रामरच्या हाती असते.