पोहणे : कर्ता की कर्म?

कणकुंबीजवळ उगम पावणाऱ्या मलप्रभेच्या काठी, खानापूर तालुक्यात वाढलेल्या मुलाच्या कानांवर घरी मराठी, बाजारात व कचेरीत कानडी आणि शाळेत इंग्रजी अशा तीन भाषा पडत असल्यामुळे, इंग्रजी व्याकरणातील ज्या प्रकरणास 'जेरंड' असे काहीसे भीतिप्रद नाव आहे, त्याची निम्मी तयारी त्याची नकळतच झालेली असते. क्रियापदाला 'इंग' हा प्रत्यय लागून त्याचे नाम झाले की तो जेरंड; आपल्याकडे हेच काम 'णे' करतो आणि कानडीत 'उवुदु'. 'स्विमिंग इज गुड', 'पोहणे चांगले', 'ईजुवुदु ओळ्ळेयदु' : तिन्ही वाक्यांत क्रियाच कर्त्याच्या गादीवर बसलेली आहे, आणि येथवर कोणाचीच तक्रार नाही.

तंटा उपस्थित होतो तो कर्माच्या दालनात. 'रवी लाइक्स स्विमिंग' या वाक्यात रवी कर्ता आणि पोहणे कर्म, हे इंग्रजीचे फर्मान; परंतु 'रवीला पोहणे आवडते' असे आपण म्हणतो, तेव्हा रवीला चतुर्थीत दूर बसवून आपण पोहण्यालाच कर्तृपद बहाल केलेले असते. याविषयी कोणास संशय असेल, तर त्याने रवीला आंबा आवडतो, चिंच आवडते आणि सगळी फळे आवडतात, ही वाक्ये एकापुढे एक ठेवून पाहावीत. क्रियापद रवीकडे ढुंकूनही न पाहता, आवडणाऱ्या वस्तूच्याच लिंगवचनाचा हुकूम पाळते. 'रविगे ईजुवुदु इष्ट' असे म्हणणारी कानडीही या बाबतीत आपल्याच पक्षाची. सीमेवरील दोन भाषांचे असे मतैक्य क्वचितच नजरेस येते! तेव्हा इंग्रजी लिहू पाहणाऱ्या मुलाला शब्दांचे नव्हे, तर वाक्यातील अधिकारांचेच हस्तांतर करावे लागते.

त्यातही इंग्रजी क्रियापदांचा शिरस्ता एकसारखा नाही. 'एन्जॉय', 'अव्हॉइड', 'फिनिश' ही आपल्यामागे 'इंग'च घेतात. 'वाँट' आणि 'होप' यांना मात्र 'टु' हवा असतो, आणि याची कारणे शोधीत बसण्यापेक्षा ती क्रियापदेच पाठ करणे अधिक सोयीचे. 'स्टॉप' दोन्ही घेते, पण अर्थ पालटून. तंबाखूसाठी प्रसिद्ध असलेल्या निपाणीचा कोणी गृहस्थ 'स्टॉप्ड स्मोकिंग' असे कळले, तर त्याने विडी ओढणे सोडले असे समजावे. तोच 'स्टॉप्ड टु स्मोक' असेल, तर तो विडी ओढण्यासाठी वाटेत थांबला आहे. पहिल्या वाक्यात 'स्मोकिंग' हे कर्म आहे. दुसऱ्यात कर्म नाहीच, केवळ हेतू आहे.

मला स्वतःला या प्रकरणातील अधिक रंजक भाग वाटतो, तो क्रियेच्या धन्याचा. त्याच्या येण्याविषयी नापसंती दर्शवावयाची, तर 'हिज कमिंग' म्हणावे की 'हिम कमिंग'? हेन्री फाउलर या कोशकाराने १९२६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या इंग्रजी प्रयोगांच्या कोशात षष्ठीचा कैवार घेऊन दुसऱ्या प्रयोगावर कडाडून हल्ला चढविला, तर ऑटो येस्पर्सन या डॅनिश पंडिताने, तो प्रयोग इंग्रजीत जुनाच रुळलेला असल्याचे दाखवून, फाउलरला विरोध केला. 'त्याचे येणे मला रुचले नाही' असे सहज बोलणारा मराठी माणूस जन्मतःच फाउलरच्या बाजूचा. मात्र 'त्याने असे बोलणे बरे नव्हे' असे म्हणताना त्याला षष्ठीची आठवण राहत नाही, ही गोष्ट वेगळी. कानडीने तर तिसरीच वाट धरली आहे : 'अवनु बरुवुदु' म्हणताना ती धन्याला प्रथमेतच ठेवते. आज इंग्रज बोलताना 'हिम' म्हणून मोकळा होतो. पण अर्ज, अहवाल आणि उत्तरपत्रिका यांत खानापूरच्या विद्यार्थ्याने 'हिज'च लिहावे, कारण तेथे घरच्या मराठीची सवयच त्याच्या उपयोगी पडते.