पोहता न येणारा वैमानिक आणि समुद्रातली पिवळी खोली

महिंदर सिंग पुजी पगडी घालूनच विमान चालवायचे. १९४१ साली ते ब्रिटिश हवाई दलातून लढत होते. इंग्लिश खाडीवर त्यांच्या हरिकेन विमानाला गोळ्या लागल्या. पॅराशूटने उडी मारावी, तर खाली पाणी आणि यांना पोहता येत नव्हतं! त्यांनी मोडकं विमान कसंबसं डोव्हरच्या किनाऱ्यापर्यंत नेलं आणि जमिनीवर आदळवलं. डोक्याला मार लागला, पण पगडीच्या घड्यांनी वाचवलं.

पोहता येणाऱ्यांची तरी काय कथा? त्या थंड पाण्यात माणूस बुडण्याआधीच गारठतो. १९४० च्या उन्हाळ्यात अशा वैमानिकांना शोधणारी स्वतंत्र यंत्रणाच ब्रिटनकडे नव्हती. ती १९४१ मध्ये उभी राहिली. कारखान्यात नवं विमान बनेल, पण तयार वैमानिक कुठून आणायचा?

जर्मनांनी मात्र भन्नाट सोय केली होती. खाडीत नांगरून ठेवलेल्या तरंगत्या खोल्या! ठळक पिवळा रंग, चढायला शिडी, आत चौघांना झोपायची जागा, घोंगड्या, कोरडे कपडे, खाणं, पाणी. जो पोहोचेल तो आत; मित्र की शत्रू, हे खोली थोडीच विचारणार! पुढे ब्रिटिशांनीही तशा बनवल्या. पण खोलीपर्यंत पोहत जायचं ते बुडणाऱ्यानेच.

म्हणून शिडाच्या होड्यांचे रचनाकार अफा फॉक्स यांनी उलटा विचार केला. होडीच माणसाकडे पाठवायची! विमानाच्या पोटाखाली बांधलेली लाकडी होडी पॅराशूटने खाली सोडायची. आत इंजिन, शिडं आणि नवख्यांसाठी सूचना. मे १९४३ मध्ये उत्तर समुद्रात पडलेल्या एका हॅलिफॅक्स बॉम्बरच्या वैमानिकांसाठी ती पहिल्यांदा टाकली. ते तिच्यात चढले आणि वाचले.