सर्किट बोर्डाचा जीर्णोद्धार

नागपूरपासून सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या रामटेकच्या टेकडीवर केवल नरसिंहाचे वाकाटककालीन मंदिर आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्याच्या दुरुस्तीच्या वेळी भिंतीवरील लेप दूर केला गेला आणि पाचव्या शतकातील शिलालेख उजेडात आला. वाकाटकांच्या इतिहासाचे मोलाचे साधन त्यामुळे अभ्यासकांच्या हाती लागले. जीर्णोद्धार करताना काय काढावे आणि काय राखावे, हा प्रश्न म्हणूनच केवळ कारागिरीचा नसतो. हाच प्रश्न आज तीस-चाळीस वर्षांच्या एका वस्तूपुढेही उभा आहे. ती वस्तू म्हणजे नाणे टाकून खेळायच्या जुन्या व्हिडिओ गेमचा सर्किट बोर्ड.

शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'मुस्तफा' नक्की आठवत असेल. कॅपकॉम या जपानी कंपनीच्या १९९३ च्या 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' या खेळाला भारतात मुलांनी त्यातील एका पात्रावरून दिलेले हे नाव. लाकडी कपाट, पडदा आणि जॉयस्टिक तीच राहत. आतला बोर्ड बदलला की खेळ बदलत असे.

बोर्डात फेरफार करणे या व्यवसायाला नवे नाही. निन्टेन्डोचा 'रडार स्कोप' अमेरिकेत चालला नाही, तेव्हा पडून राहिलेल्या सुमारे दोन हजार यंत्रांचे रूपांतर १९८१ मध्ये 'डाँकी काँग'मध्ये करण्यात आले आणि कंपनीचे नशीब उघडले. १९८२ चा 'मिस पॅक-मॅन'ही मुळात 'पॅक-मॅन'च्या बोर्डावर बसवायचा जोड-संच होता. मूळ प्रोसेसर काढून त्या जागी छोटा जोड-बोर्ड लावला की नवा खेळ तयार होई.

बदलाबदल खरी सोपी झाली ती १९८५ मध्ये जपानमध्ये ठरलेल्या 'जॅमा' या मानकामुळे. ५६ संपर्कबिंदूंच्या एकाच जोडणीतून वीज, चित्र, आवाज आणि बटणांचे संदेश जाऊ लागले. मात्र १९९१ च्या 'स्ट्रीट फायटर २'ला प्रत्येक खेळाडूमागे सहा बटणे लागत आणि मानकात तीनचीच सोय होती. लाथांच्या बटणांसाठी त्यामुळे वेगळी तार ओढावी लागे.

हीच अदलाबदल दुरुस्तीचे पहिले साधन ठरते. पडदा काळा असेल, तर दोष वीजपुरवठ्यात, पडद्यात की बोर्डात, हे आधी ठरवावे लागते. पाच व्होल्टचा पुरवठा मल्टिमीटरने तपासून चालू स्थितीतील दुसरा बोर्ड लावला, की उत्तर मिळते. खेळ दोन बोर्डांचा असेल, तर त्यातील एकेक बदलून दोष कोणत्या भागात आहे ते कळते. त्यानंतर चिपचा शोध सुरू होतो. जुन्या पडद्याच्या नळीत मात्र सुमारे वीस हजार व्होल्टचा दाब असतो आणि यंत्र बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो. तेथे नवशिक्याने हात घालू नये.

विदर्भात या यंत्रांचा आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे उष्णता. नागपूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बंद कपाटात तो त्याहून वर जातो. वीजपुरवठ्यातील कॅपॅसिटरमधला द्रव उष्णतेने आटतो. दहा अंश तापमान वाढले की कॅपॅसिटरचे आयुष्य निम्म्यावर येते, असा तंत्रज्ञांचा ठोकताळा आहे. कॅपॅसिटर नवा मिळतो. खेळाची आज्ञावली साठवलेली चिप गेली, तर तो प्रश्न इतका सोपा राहत नाही.

काही खेळांचे मरण तर बोर्डावरच बसवलेले होते. नक्कल रोखण्यासाठी कॅपकॉमने सीपीएस-२ मालिकेत आज्ञावली कुलूपबंद केली आणि तिची किल्ली बॅटरीवर चालणाऱ्या स्मृतीत ठेवली. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते आणि धडधाकट बोर्ड निरुपयोगी होतो. 'मुस्तफा'च्या आवाजाच्या प्रोसेसरची किल्लीही अशाच बॅटरीवर अवलंबून आहे. हौशी संशोधकांनी अनेक वर्षे खपून या कुलपाचा उलगडा केला. मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरण्याचा मार्ग २०१६ मध्ये खुला झाला.

येथेच खरा पेच सुरू होतो. हे ज्ञान जसे मेलेला खेळ जिवंत करते, तसेच एका खेळाच्या बोर्डावर दुसरा खेळ चढवण्याची सोयही करते. दुर्मीळ, महागडा खेळ हवा म्हणून स्वस्त खेळाचे बोर्ड खर्ची पडतात. आज स्वस्त वाटणारा खेळ उद्या दुर्मीळ होणार नाही, याची खात्री कोणी द्यावी?

जाणकारांचे पथ्य म्हणून साधे आहे. चिपला हात लावण्यापूर्वी तिच्यातील आज्ञावलीची प्रत काढावी. चिप थेट न जोडता सॉकेटमध्ये बसवावी, म्हणजे बदल मागे घेता येतो. काढलेला सुटा भाग टाकू नये आणि काय बदलले त्याची चिठ्ठी कपाटातच ठेवावी. काही जुन्या चिपांवर काचेची छोटी खिडकी असते. त्यावरील स्टिकर उखडून टाकले, तर अतिनील किरणांनी आतील मजकूर हळूहळू पुसला जातो.

रामटेकचा शिलालेख लेपाखाली दडूनही वाचला, कारण तो दगडात कोरलेला होता. चिपमधील मजकुराला तेवढी सवड नाही. दुरुस्ती करणाऱ्याने आज प्रत काढून ठेवली, तरच तो उद्यासाठी उरेल.