03233 नंबरची कासवीण

27 जानेवारी 2025. गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या एका ऑलिव्ह रिडले कासविणीच्या परावर धातूचा टॅग सापडला. नंबर 03233. तो लावला होता भारतीय प्राणी सर्वेक्षणाच्या डॉ. बासुदेव त्रिपाठी यांच्या चमूने, 18 मार्च 2021 रोजी, ओडिशातल्या गहिरमाथ्याला!

बंगालच्या उपसागरातून श्रीलंकेला वळसा घालून गुहागर म्हणजे साधारण साडेतीन हजार किलोमीटर. वाटेत ती कुठे रेंगाळली हे टॅग सांगत नाही, तो फक्त प्रवासाची दोन टोकं सांगतो. पण पूर्व आणि पश्चिम किनाऱ्याची कासवं वेगवेगळी, या समजुतीला तेवढ्यानेच धक्का बसला. ओडिशात अंडी घालायला येणाऱ्या कासवांच्या गर्दीचा अंदाज घ्या. 2025 मध्ये तिथल्या एकट्या ऋषिकुल्येच्या किनाऱ्यावर काही दिवसांत जवळपास सात लाख माद्या अंडी घालून गेल्या. अशा गर्दीतली एक आपल्या कोकणात आली आणि इथे तिला पाहणारं कुणीतरी जागं होतं, हे मला विलक्षण वाटतं.

हे जागे असणारे म्हणजे गावोगावचे कासवमित्र. उजाडायच्या आत किनारा पालथा घालायचा, वाळूत उमटलेला माग धरून घरटं शोधायचं, दीडेक फूट हाताने उकरून टेबल टेनिसच्या चेंडूएवढी शंभर-सव्वाशे अंडी मोजत बाहेर काढायची आणि किनाऱ्यावरच कुंपण घातलेल्या जागेत, म्हणजे हॅचरीत, तेवढ्याच खोलीवर पुन्हा पुरायची. मग 45 ते 60 दिवस राखण. वाळू किती तापते यावर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, त्यामुळे तापमानावरही लक्ष ठेवावं लागतं.

चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने 2002 मध्ये वेळासला हे काम सुरू केलं. पहिल्याच हंगामात पन्नासेक घरटी राखली गेली आणि अडीच हजारांवर पिल्लं समुद्रात गेली. आता हिशेब करा. हजार पिल्लांतलं एखादंच मोठं होतं, असा शास्त्रज्ञांचा ढोबळ अंदाज आहे. म्हणजे हंगामभराच्या जागरणातून हाती लागली दोन-तीन कासवं! आणि त्यांनी स्वतः अंडी घालायला आणखी दहा-पंधरा वर्षं.

इतकी थोडी जगतात, म्हणून मोठं झालेलं प्रत्येक कासव आणि त्याची प्रत्येक नोंद मोलाची. रत्नागिरीच्या कुठल्याही किनाऱ्यावर परावर टॅग असलेलं कासव दिसलं, तर विजेरी त्याच्या तोंडावर मारू नका. लांब थांबा, कासवमित्राला किंवा वनविभागाला लगेच कळवा. तो नंबर त्यांना नोंदवू द्या.